अर्धी विहीर

कोकणकड्याचा फोटो मी पहिल्यांदा मामांना दाखवला तो मोबाईलवर, दिवाळीत, ओसरीवर बसून. मामांनी मोबाईल लांब धरला, मग जवळ घेतला, मग परत लांब. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही विहीर कुणी खांदली?"

मी म्हटलं मामा ही विहीर नाही, कडा आहे, हरिश्चंद्रगडाचा. तर म्हणाले, "निम्मी हाय. निम्मी पडली. पर हाय ती विहीरच."

माझे मामा चाळीस वर्षं विहिरी खोदतात. मोहोळ तालुक्यात, मंगळवेढ्याकडं, कधी अक्कलकोटच्या पलीकडं पण. आधी पहार आणि सुरुंग, मग कंप्रेसर, आता दगड वर ओढायला यारी मशीन आहे पण तळाला उतरून दगड बघणारा माणूस अजून तेच. आणि मी गेली चौदा वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकाचा बनलेला आहे, हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. एकाच दगडावर आमच्या दोघांचं पोट चालतं असं म्हटलं तरी चालेल, पण त्या दिवसापर्यंत आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललोच नव्हतो. मामा आले की चहा, शेंगाची चटणी, मामीची गुडघेदुखी, नळाला पाणी कधी आलं, बस.

तर डिसेंबरच्या शेवटी आम्ही गेलो. मी, मामा आणि मामेभाऊ, गाडी त्याचीच. मामांची एकच अट होती, संक्रांतीच्या आत परत यायचं, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चुकवायची नाही. मी म्हटलं मामा एका रात्रीचा तर प्रश्न आहे. तरी घरातनं निघताना त्यांनी सिद्धेश्वराच्या दिशेनं हात जोडले आणि पिशवीत दोन सोलापुरी चादरी कोंबल्या. स्लीपिंग बॅग भाड्यानं घेतलीय सांगितलं तरी ऐकलं नाही.

सोलापूरच्या माणसाला डोंगर म्हणजे काय ते नीट माहीत नसतं, हे मी मनापासून सांगते. आमच्याकडं आभाळ आणि रान यांच्यामध्ये काही नाही. उघड्यावर झोपणं आम्हाला नवीन नाही, उन्हाळ्यात गच्चीवर झोपतोच की, थंडीत हुरडा खायला रानात गेलं तर रात्र तिथंच निघते. पण पायाखालची जमीन वर चढत जाते आणि एका ठिकाणी एकदम संपते, हे आमच्या अंगात नाही.

शुक्रवारी रात्री दहाला निघालो. टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, मग कल्याणच्या रस्त्याला लागून आळेफाटा, ओतूर. सव्वातीनशे किलोमीटरच्या वर होतं. मामा पूर्ण रात्र जागे, पुढच्या सीटवर. करमाळ्याच्या पुढं एके ठिकाणी कालवा दिसला तेव्हा म्हणाले, "ह्यो कुकडीचा." ते एवढंच म्हणाले आणि मला वाटलं ठीक आहे, कालवा आहे. त्याचा अर्थ सकाळी कळला.

खुबी फाट्याला गाडी वळवली तेव्हा उजाडत होतं. रस्ता धरणाच्या भिंतीवरनं जातो, पिंपळगाव जोगे धरण. पाण्यावर धुकं, पलीकडं काळी भिंत उभी, तो गड. मी मामांना सांगायला लागले, हे कुकडी प्रकल्पाचं धरण, अशी पाच आहेत, येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि हे. इथलं पाणी कुकडीत, कुकडी घोडमध्ये, घोड भीमेत आणि भीमा म्हणजे उजनी धरण, आमच्या सोलापूरच्या नळाचं पाणी. मामांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले, भिंतीच्या कडेला उभं राहून पाण्याकडं बघत राहिले. आमच्या पेठेत नळाला चार दिवसाआड पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं, कळशी, बादली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवतात, मी लहानपणापासनं बघतेय. ते पाणी या डोंगराच्या पाठीवरनं ओघळून येत असेल असं मी नकाशात शंभर वेळा दाखवलंय, पण मामांच्या शेजारी उभं राहून बघताना ते पहिल्यांदा खरं वाटलं.

खिरेश्वरमधनं एक पोरगा वाटाड्या म्हणून घेतला, वरच्या जंगलात वाटा फसव्या आहेत म्हणून. टोलार खिंडीपर्यंत चढ बरा होता. खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे, मामांनी त्याला हात लावून नमस्कार केला. खिंडीच्या पुढं मात्र सरळ कातळ, रेलिंग धरून चढायचं. मला खरं सांगायचं तर मामांची काळजी वाटत होती, त्रेसष्ट वय, पण ते त्या कातळावर असे चढले की वाटाड्या पोरगाच बघत राहिला. रेलिंगला हात पण लावत नव्हते. हाताचा तळवा दगडावर सपाट ठेवायचे, जरा थांबायचे, मग पाय उचलायचे. विहिरीत उतरायची सवय. फक्त इथं उलटं, वर.

मध्येच एका जागी थांबले आणि नखानं दगड खरवडायला लागले. दगडात छोटी छोटी भोकं आणि काही भोकांमध्ये पांढरे खडे. "हे बग. हे आपल्याकडं वीस फुटावर लागतंय. ह्यात पाणी असतंय."

मामांच्या देवघरात असे खडे आहेत. विहिरीतनं निघालेले, चमकणारे, काही अगदी पाकळ्यांसारखे. मामी त्यांना गारगोट्या म्हणते आणि रोज हळदकुंकू लावते. मी मामांना तिथंच, कातळावर बसून, पहिल्यांदा समजावून सांगितलं की लाव्हा थंड होताना त्यातला वायू वर यायला बघतो, म्हणून प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला बुडबुड्यांची भोकं राहतात, आणि पुढं लाखो वर्षं त्या भोकांतनं पाणी झिरपत राहतं, त्यातल्या क्षारांचे हे खडे होतात. मधला भाग सावकाश थंड होतो म्हणून तो घट्ट, काळा, त्याला पाणी लागत नाही, फक्त चिरा असल्या तर. मामा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे वरचं पोकळ, मधलं टणक, परत पोकळ, परत टणक." मी म्हटलं हो. "मग हे मला ठावं हाय की. चाळीस वर्सं हेच खांदतोय." आणि ते उठून चढायला लागले. त्यांना ठाऊकच होतं, मी फक्त कारण सांगितलं.

पठारावर जंगलातनं दोन-अडीच तास चालायचं, चढ-उतार संपतच नाहीत. ते मी पटकन सांगून टाकते कारण तिथं दमण्याशिवाय काही विशेष झालं नाही.

दुपारी हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचलो. देऊळ सुंदर आहे, चांगदेवांनी इथं तप केलं असं सांगतात, लोक फोटो काढत होते. पण मामांचं लक्ष देवळापेक्षा टाक्यांवर. कातळात खोदलेली पाण्याची टाकी, बाजूची पुष्करणी. एका टाक्याच्या काठावर उकिडवे बसून ते छिन्नीच्या खुणा बघत होते. सुरुंग नाही, कंप्रेसर नाही, फक्त हातोडा आणि छिन्नी. "एका हाताचं रोजचं किती होत आसंल," असं स्वतःशीच म्हणाले आणि बोटांनी हिशोब करत बसले. त्या खोदणाऱ्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. मामांनी खोदलेल्या विहिरींवरही नसतात, त्यावर मालकाचं नाव आणि साल असतं.

मग केदारेश्वराच्या गुहेत गेलो. मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं गार पाणी, चार खांबांपैकी एकच उभा आहे. लोक त्या खांबाच्या गोष्टी सांगत होते, चार युगं वगैरे. मामा पाण्यात उतरले. थंडीनं ओठ निळे पडले तरी पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि बाहेर आल्यावर अंग पुसत म्हणाले, "आपल्या सिद्धेश्वरागत पाण्यात बसलाय." आमच्या सोलापूरचं सिद्धेश्वराचं देऊळ तळ्याच्या मधोमध आहे, आणि ते तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन खोदलं असं आमच्याकडं मानतात. ज्याला आम्ही ग्रामदैवत म्हणतो त्यानं आधी पाण्यासाठी माती उपसली. मामांचा सगळा भक्तिभाव तिथनं येतो हे मला त्या गुहेच्या तोंडाशी उभं राहून समजलं. त्यांच्यासाठी खोदणं हा नुसता धंदा नाही.

वरती एका मावशींच्या छपरात जेवलो. पिठलं, तांदळाची भाकरी, मिरचीचा ठेचा. मामांनी पिशवीतनं कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी काढून मावशींना दिली. पापडासारखी ती ज्वारीची भाकरी मोडून बघत त्या म्हणाल्या, ही किती दिवस टिकते? मामा म्हणाले महिनाभर, पाणी नसलं तरी. मग पाण्याचाच विषय निघाला. मावशी सांगत होत्या, पावसाळ्यात चार महिने इथं घराबाहेर पडता येत नाही इतका पडतो, आणि एप्रिल-मे मध्ये हंडाभर पाण्यासाठी उतरून जावं लागतं. मामांना हे पटेना. आमच्या जिल्ह्यात वर्षाला 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथं काही हजार मिलिमीटर, आणि उन्हाळ्यात हाल सारखेच? मी म्हटलं मामा, कातळ आहे, उतार आहे, थांबणार कुठं पाणी? मामांनी मान हलवली. "म्हणजे त्येंचं पाणी आपण पितो आन् त्या हंडा घिऊन हिंडत्यात." कुणी काही बोललं नाही. मावशींनी भाकरी वाढली.

चारच्या पुढं कोकणकड्याकडं निघालो, अर्ध्या तासाची वाट. आणि मग जमीन संपली.

कड्याचं वर्णन मला नीट जमणार नाही. फोटोत दिसतो तो आकार, अर्धगोल, पण फोटोत वारा नसतो. खालनं वर येणारा वारा, अंगावर ढकलणारा. नाकासमोर काहीच नाही, खूप खाली कोकणातली रानं आणि बेलपाड्याची घरं, काडेपेटीएवढीसुद्धा नाहीत. आणि डावी-उजवीकडं कातळाची भिंत आत वळत गेलेली, वरची बाजू पुढं आलेली, खालची आत गेलेली, नागाच्या फण्यासारखी. भिंतीवर आडव्या रेघा, एकाखाली एक, काही रेघांवर वाळलेलं पिवळं गवत.

वाटाड्यानं सांगितलं, टोकाला उभं राहायचं नाही, पोटावर झोपून बघायचं. मामा झोपले. मी त्यांचे पाय धरले, मामेभावानं माझे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मामा हलेनात. मग आवाज आला, "एक."

मला कळेना.

"दोन. तीन. ती गवताची रेघ दिसत्येय का, तिथं मऊ थर हाय. गवत टणकावर उगवत न्हाय."

ते थर मोजत होते. पुस्तकात मी जे शिकवते, की एकावर एक लाव्हाचे थर साचले, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेकडं त्यांची जाडी दोन हजार मीटरच्या वर आणि पूर्वेकडं कमी कमी होत जाते, ते सगळं मामा पोटावर झोपून बोटानं वाचत होते. मऊ थर आधी झिजतो, त्याच्या आधारावरचा टणक कातळ पुढं लोंबत राहतो आणि कधीतरी चिरेवर सुटून पडतो, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "विहिरीत बी आसंच. मऊ थराला बांधकाम केलं न्हाय की वरचं येतंय खाली." अकरा-बारा थर मोजले आणि मग म्हणाले नजर पोचत नाही.

मग उठून बसले. हाताशी पडलेला एक दगड उचलला, लिंबाएवढा. मला माहीत होतं ते काय करणार. विहिरीची खोली बघायला असा दगड सोडतात आणि मनात आकडे मोजतात, मी लहानपणी मामांबरोबर हे खूप केलंय. त्यांचा हात पुढं गेला, आणि थांबला. दगड त्यांनी परत होता तिथं ठेवला, आणि नुसता ठेवला नाही, काठापासनं आत सरकवून ठेवला, आजूबाजूचे आणखी चार-पाच सुटे दगड पण पायानं मागं ढकलले.

"खाली माणसं राहत्यात," म्हणाले.

मामांच्या डाव्या खांद्यावर एक मोठा वण आहे. वरनं पडलेल्या दगडाचा, कुणाच्या तरी चपलेनं ढकलला गेलेला. तेव्हापासनं त्यांच्या कामावर विहिरीच्या काठाला कुणालाही उभं राहू देत नाहीत, मालक असला तरी. आम्ही तिथं होतो तेवढ्या वेळात कॉलेजची पोरं येऊन दगड भिरकावून जात होती, वारा कसा परत आणतो बघू म्हणून टोप्या, बाटल्या. मामा उठून एकेकाला जाऊन सांगत होते. चिडून नाही. "बाळा, खाली गाव हाय." काहींनी ऐकलं. मला आतून भरून आलं होतं, ते मी लपवत नाही.

सूर्य कोकणात बुडाला. त्याबद्दल लोकांनी खूप लिहिलंय. पावसाळ्याच्या दिवसांत कड्याखाली ढग भरलेले असले आणि पाठीमागनं ऊन असलं तर इथं गोल इंद्रधनुष्य दिसतं, इंद्रवज्र म्हणतात, कर्नल साइक्स यांनी 1835 मध्ये त्याची नोंद केली आहे. आम्हाला दिसायचा प्रश्नच नव्हता, आभाळ कोरडं होतं. मला काही कमी वाटलं नाही.

तंबू काठापासनं बराच आत, झाडीच्या आडोशाला लावले. अभयारण्य आहे, शेकोटी नाही. मामा तंबूला हात लावून म्हणाले ह्या कापडात मी झोपत नाही, आणि बाहेर दोन चादरी गुंडाळून पडले. मी पण बाहेर बसले. समोर मृगाचे तीन तारे वर आलेले. आणि मग मामांनी तो प्रश्न विचारला जो म्हणे त्यांना वीस वर्षांपासनं विचारायचा होता पण कुणाला विचारावा कळत नव्हतं.

विहीर खोदताना काळा दगड संपतो, आणि कधी कधी त्याच्या खाली हातभर जाडीचा तांबडा थर लागतो. गेरूसारखा. त्याच्या खाली परत काळा. हा तांबडा कुठनं आला? इथल्या कड्यात त्यांना तो दिसला नव्हता, म्हणून आठवण झाली.

मी सांगितलं, एक लाव्हा आला, थंड झाला. मग पुढचा यायला कित्येक हजार वर्षं लागली असतील. त्या मधल्या काळात त्या दगडावर ऊन पडलं, पाऊस पडला, दगड कुजला, माती झाली. मग पुढचा लाव्हा त्या मातीवर येऊन पसरला आणि त्यानं ती भाजली.

मामा अंधारात बराच वेळ गप्प. "म्हणजे वीट," म्हणाले.

"हो मामा. वीटच."

"म्हणजे मधी पाऊस पडून गेला हुता."

"हो."

बहात्तरच्या दुष्काळात मामा दहा वर्षांचे होते. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायची, मामा तिच्याबरोबर, सुकडी मिळायची ती खायचे. हे मला आईनं सांगितलेलं, मामांनी कधीच नाही. त्या रात्री त्यांनी सांगितलं. की खडी फोडताना दगडातनं एकदा ओल निघाली, नुसती ओल, बोटाला लागेल एवढी, आणि आजीनं ती त्यांच्या ओठाला लावली. तेव्हापासनं त्यांना वाटत आलंय की दगड कोरडा नसतो. एवढंच म्हणाले आणि चादर डोक्यावरनं ओढली. पहाटे तीनला थंडी इतकी वाढली की चादरी दवानं ओल्या झाल्या आणि मामा न बोलता तंबूत येऊन झोपले.

सकाळी परत एकदा कड्यावर गेलो. आता ऊन पाठीमागनं होतं, गडाची सावली खाली कोकणावर लांबवर पसरलेली. परतताना एका उंचवट्यावर मी मामांना दाखवलं, इकडं खिरेश्वरच्या अंगाला पडलेला पाऊस आपल्याकडं येतो, भीमेतनं पुढं कृष्णेत आणि बंगालच्या उपसागरात. त्या बाजूला पाचनईकडं पडलेला मुळेत जातो, प्रवरेत, गोदावरीत. आणि कड्यावरनं पडलेला सरळ अरबी समुद्रात. चार पावलांचा फरक. मामांनी तीनही दिशांना वळून बघितलं.

उतरताना माझेच गुडघे गेले, मामांचे नाही. मावशींनी चटणीच्या रिकाम्या डब्यात नाचणीचं पीठ भरून दिलं होतं. मामीला त्याची भाकरी थापायला जमली नाही पण आंबील झकास झाली.

यात्रा झाली, नंदीध्वजांची मिरवणूक झाली, मामा पुढच्या कामावर गेले, कामती बाजूला कुठंतरी. फेब्रुवारीत एका सकाळी मी नववीच्या वर्गात होते तेव्हा व्हॉट्सॲपवर फोटो आला. विहिरीची आतली बाजू, वर काळा दगड, खाली काळा दगड, मध्ये हातभर तांबडी पट्टी आणि तिच्यावर सपाट ठेवलेला मामांचा तळवा. खाली व्हॉइस मेसेज. मी वर्गातच लावला, मोबाईल वर धरून, पोरं एकदम गप्प झाली. मागं कंप्रेसरचा आवाज, आणि मामा मोठ्यानं, जसं तळातनं वरच्या माणसाला सांगतात तसं,

"बेचाळीस फुटावर लागला बग. तुझी वीट. हात लावला तर ओली हाय."